तिने उजवीकडे पाहिलं होतं

बदक पडलं तेव्हा सात वाजून गेले होते. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात विलोज गावाजवळचं एक पाणथळ. पाण्यावरचं धुकं नुकतंच विरळ होऊ लागलं होतं. तलवार बदकांची जोडी उतरायला आली, दोन बार झाले. पहिल्या बाराला नर हलला, पंख ताठ धरून तिरका घसरत गेला आणि लव्हाळ्याच्या पट्ट्याच्या अलीकडे कुठेतरी दिसेनासा झाला. मालकाने काळ्या लॅबला, म्हणजे त्याच्या लॅब्रडॉर कुत्रीला सोडलं. तीस-पस्तीस मीटर ती सरळ गेली, मग तिचा कल उजवीकडे होऊ लागला. एक लांब शिट्टी. ती होती तिथेच वळली आणि पोटभर पाण्यात थांबून मालकाकडे बघू लागली. तसंच शिकवलेलं असतं. मालकाने डावा हात आडवा केला. तिने मान वळवून एकदा उजवीकडे पाहिलं, पुन्हा मालकाकडे पाहिलं आणि डावीकडे निघाली. पुढची दहा-बारा मिनिटं तिने डावीकडचं पाणी फणीने विंचरावं तसं विंचरून काढलं. काही लागलं नाही.

मान वळवून पाहिलेली ती नजर काही केल्या डोक्यातून जात नाही.

शिकार म्हटलं की आपल्याकडे मचाण, हाकारे आणि मिशांना पीळ देणारे संस्थानिक डोळ्यांसमोर येतात. बदकाची शिकार त्या घराण्यातली नव्हे. तिच्यात रुबाब नाही, हमाली आहे. सकाळभरात बंदूक खांद्याला लागते तो सगळा वेळ मोजला तर दोन मिनिटंही भरत नाहीत. बाकी सगळं ओझं वाहणं, चिखल तुडवणं आणि गप्प बसणं. सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या सरकारी राखीव पाणथळींचा काही भाग हंगामात बुधवार, शनिवार आणि रविवार या तीनच दिवशी शिकारीला उघडतात. आधी सोडतीत नंबर लागावा लागतो. मग मध्यरात्रीनंतर कधीतरी गाड्यांची रांग, चौकीवर परवाना, आणि माणशी पंचवीसच काडतुसं. पाणथळीत त्यापेक्षा जास्त न्यायची नाहीत. नवख्याला हा नियम जाचक वाटतो, पण तो शहाणा आहे. खिशात शंभर काडतुसं असली की माणूस साठ मीटरवरच्या बदकावरही बार टाकून बघतो. असा बार बदकाला मारत नाही, जखमी तेवढा करतो, आणि शेजारच्या तळ्यावर घिरट्या घालणारा थवाही उधळून लावतो.

चौकीपासून जागेपर्यंत अंधारातली अर्ध्या तासाची चाल असते. पाणी गुडघ्याच्या वर क्वचितच, पण खाली काळी चिकण माती. पाय उचलून टाकला की बूट रुततो आणि माणूस पुढे जातो, म्हणून पाय घासत, आधी टाच सैल करून मग चवडा काढत चालायचं. छातीपर्यंतच्या रबरी पोशाखावर कमरेचा पट्टा आवळलेला हवा. पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो, आणि उठायला तेवढाच वेळ हवा असतो. दोन डझन नकली बदकं जाळीच्या पोत्यात पाठीवर. कुत्र्याला या वाटेवर मोकळं सोडायचं नाही. त्याला सोडा म्हणून तोच हट्ट करतो, शेपटीने अख्खं अंग हलवतो, पण अंधारात उड्या मारून भिजलेलं कुत्रं उजाडेपर्यंत कुडकुडायला लागतं आणि खरं काम निघतं तेव्हा त्याच्या अंगातली अर्धी ऊब संपलेली असते.

आपल्याकडे लॅब म्हणजे सोसायटीतला गुबगुबीत, सोफ्यावर लोळणारा, दिसेल त्याच्याकडे बिस्किटाची अपेक्षा करणारा प्राणी. पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत असे दोन-तीन सापडतील. घरात कोणी आलं की ते पाहुण्याची चप्पल तोंडात धरून आणतं आणि पायाशी उभं राहतं. चप्पल लाळेने भिजलेली, पण दाताचा ओरखडा नसलेली. आपण हसतो, ‘वेडं आहे’ म्हणतो. ते वेड नव्हे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करणारे जे पाणकुत्रे होते त्यांच्यापासून ही जात आली. पाण्यात पडलेलं आणून द्यायचं, आणि आणताना चावायचं नाही, हे तिच्यात पिढ्यान्पिढ्या निवडून पक्कं केलेलं. तळव्याच्या बोटांमध्ये पातळ पडदे, पाण्यात सुकाणूसारखी वळणारी बुडाशी जाड शेपटी, आणि केसांचे दोन थर: बाहेरचा राठ, तेलकट, आतला मऊ आणि दाट. पाण्यातून बाहेर आल्यावर ती अंग झाडते तेव्हा बाहेरच्या थरातलं पाणी उडून जातं. आतला बहुधा पुरता ओला झालेलाच नसतो. ‘रिट्रीव्हर’ या शब्दाचा अर्थच परत आणणारा. चप्पल ही त्या बिचाऱ्याला बदकाच्या जागी मिळालेली वस्तू.

पाण्यातल्या कुत्र्याची पहिली गरज म्हणजे पाण्याबाहेर बसायला जागा. नवखे लोक इथेच चुकतात. स्वतःसाठी घडीचं स्टूल आणतात आणि कुत्र्याला पोटभर पाण्यात उभं करतात. हवा चार अंशांवर, पाणी हाताला झोंबणारं. तासाभरात ते थरथरायला लागतं. म्हणून चार पायांचा, उंची कमीजास्त होणारा जाळीचा चौरंग न्यायचा, लव्हाळ्यात रोवायचा आणि त्याची पातळी पाण्याच्या चार बोटं वर ठेवायची. अंगात निओप्रीनचं जॅकेट, साधारण पाच मिलिमीटर जाडीचं, अंगासरशी बसणारं. सैल असलं तर त्यात पाणी साचून पोहताना ते ओढतं, किंवा बुडालेल्या खुंटाला अडकतं; घट्ट असलं तर पुढच्या पायांच्या बगलेत सोलून निघतं. दोन बोटं आत सहज सरकली पाहिजेत. थरथर ही वाईट गोष्ट नाही, ती शरीर झगडत असल्याची खूण आहे. भिजलेलं, गारठलेलं कुत्रं थरथरायचं थांबलं, चालताना अडखळायला लागलं आणि हाकेला उशिरा मान वळवू लागलं, तर शिकार तिथेच संपली असं समजून गाडी गाठायची. पिण्याचं पाणीही न्यायचं. चहूकडे पाणी असताना बाटली वाहायची म्हणजे विनोद वाटतो, पण त्या साचलेल्या पाण्यात काय काय असतं हे विचारू नये.

नकली बदकं मांडणं ही रांगोळी नव्हे, तरी तिच्याइतकीच नजर लागते. बदक उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. तेव्हा वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे ती समोरून येतात. आणि डाव्या-उजव्या बाजूला नकली बदकांचे दोन पुंजके ठेवून मध्ये पंधरा-वीस पावलांचं मोकळं पाणी सोडायचं. खरी बदकं त्या मोकळ्या अंगणातच उतरायला बघतात. दोन पुंजके दाट झाले आणि मधली जागा आखडली की थवा वरून एक घिरटी घालतो, बघतो आणि निघून जातो. तलवार बदकाच्या नकलांना पांढरं पोट आणि मानेवर पांढरा पट्टा असतो, तो दुरून दिसतो; त्या कडेला. सगळ्यांत लांबचं नकली बदक मुद्दाम तीस पावलांवर ठेवायचं. पाण्यावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, आणि त्याच्या पलीकडचं बदक आपलं नाही, एवढं उजेड नसतानाही कळतं. एका बदकाच्या बुडाशी दोरी बांधून तिचं टोक आपल्या हाताशी. वारा पडला की ती दोरी हलके ओढायची. धुक्यातल्या आरशासारख्या पाण्यावर चोवीस बदकं ढिम्म बसलेली दिसली तर कुठल्याही पक्ष्याला संशय येईल.

मग वाट पाहणं. सूर्योदयाआधी अर्धा तास, म्हणजे त्या दिवसांत साधारण साडेसहाला, शिकारीची वेळ सुरू होते; त्याचं छापील कोष्टक असतं आणि मिनिटाचीही सूट नसते. त्याआधीची वीस मिनिटं हा सगळ्या सकाळीचा खरा ऐवज. कुजलेल्या चिखलाचा अंड्यासारखा वास, ओल्या कुत्र्याचा वास, थर्मासमधल्या कॉफीचा वास. काही दिसत नाही, सगळं ऐकू येतं. छोट्या बदकांचा थवा डोक्यावरून जातो तेव्हा कोणीतरी टर्रकन कापड फाडल्यासारखा आवाज होतो. तलवार बदकाचा नर क्वॅक करत नाही, तो शीळ घालतो, गढूळ, पाण्यात बुडबुडा फुटल्यासारखी. अशा वेळी जाणते लोक आकाशाकडे बघत नाहीत, कुत्र्याकडे बघतात. तिचे कान आधी उभे राहतात, मग मान हलते, मग नजर एका बिंदूवर बसते. त्या नजरेची रेघ पुढे वाढवली की काही क्षणांनी तिथे खरोखर ठिपके दिसतात. माणूस आधी डावीकडे, मग वर, मग पुन्हा डावीकडे असं चाचपडत असतो. आपण वर बघतो तेव्हा पांढरा चेहरा वर होतो आणि बदकांना तोच दिसतो. म्हणूनही कुत्र्याकडे बघणं बरं.

बार होताना कुत्र्याने जागेवरून हलता कामा नये. शिस्तीपेक्षा हा जिवाचा प्रश्न आहे. बदक खाली येताना त्याच्यामागे बंदुकीची नळीही खाली येते, आणि बार ऐकून उडी मारलेलं कुत्रं नेमकं त्याच वेळी नळीसमोर असतं. म्हणून शिकवण्याची निम्मी वर्षं ‘आण’ शिकवण्यात जात नाहीत, ‘बस’ शिकवण्यात जातात. तिची बैठक नळीच्या टोकाच्या मागे, शक्यतो बंदुकीच्या विरुद्ध बाजूला; नळीच्या पुढे बसलेल्या कुत्र्याचे कान चार-पाच हंगामांत कामातून जातात आणि मालकाला वाटतं, हल्ली ऐकत नाही.

छर्रे पोलादाचे. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत १९९१पासून बंद झाले. बदक दाणा दळायला बारीक खडे गिळतं. तळ्याच्या गाळात वर्षानुवर्षं पडलेले शिशाचे छर्रेही ते खडे समजून गिळायचं, ते पेषणीत झिजायचे आणि रक्तात उतरायचे. न मारलेली बदकंही अशी मरत, आणि ती खाणारे गरुडही. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून छर्रा दोन आकारांनी मोठा घ्यावा लागतो: शिशाचा चार नंबर चालायचा तिथे पोलादाचा दोन (नंबर लहान तितका छर्रा मोठा). बारा बोअरच्या तीन इंची काडतुसात सव्वा औंस माल, म्हणजे दोन नंबरचे दीडशेच्या आसपास छर्रे. तीस-पस्तीस मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे छर्ऱ्यांची जाळी विरळ होते आणि एखाददुसराच लागतो. पंखात, मागच्या भागात, कुठेतरी. एखाददुसरा लागलेलं बदक पडत नाही. ते पंख ताठ करून घसरत जातं.

त्या रविवारी तेच झालं असावं. आणि इथे खरा गुंता आहे.

मालकाने दोन बार काढले होते. पहिला नरावर, दुसरा मादीवर. मादी सुखरूप गेली. म्हणजे नर घसरत असताना मालकाचा गाल बंदुकीच्या दस्त्यावर होता आणि डोळा मादीवर. नर कुठे पडला हे त्याने पाहिलं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून. काळी मात्र जागची हलली नव्हती. तिला दुसऱ्या पक्ष्याशी देणंघेणं नव्हतं, नेम धरायचा नव्हता, तिने मान फिरवली तर फक्त पडणाऱ्या पक्ष्याबरोबर. कुत्र्याच्या डोळ्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण हलणारी गोष्ट आणि मंद उजेड यांत तो आपल्यापेक्षा सरस. शिकवताना पाण्यात फेकायच्या ठोकळ्यांची गंमतही यातच आहे: भगवा ठोकळा माणसाला दिसतो आणि कुत्र्याला गवतात हरवतो, म्हणून डोळ्याने टिपायला शिकवताना पांढरा वापरतात आणि नाकाने शोधायला शिकवताना भगवा. पडलेल्या पक्ष्याची जागा डोळ्यात धरून ठेवण्यावर कुत्र्याची सगळी किंमत ठरते. चांगलं कुत्रं दोन-तीन पक्ष्यांच्या जागा एका वेळी धरून ठेवतं आणि बहुधा शेवटी पडलेला आधी आणतं.

मग शिट्टी का मारायची? तर तिच्यातही अर्थ असतो. कधी कुत्र्याने पडणं पाहिलेलंच नसतं. कधी मेलेला पक्षी समोर तरंगत असतो आणि जखमी दूर निसटत असतो. तेव्हा जखमी आधी आणायचा, मेलेला कुठे जात नाही. कधी कुत्रं जुन्या वासाच्या नादी लागतं: काल कोणीतरी मारून तिथे पक्षी पाडलेला असतो, लव्हाळ्यात पिसं अडकलेली असतात, आणि नाक आजचं काम सोडून कालच्या कामाला लागतं. अशा वेळी दूरवर उभ्या कुत्र्याला थांबवून हाताने दिशा देणं ही महिन्यांच्या मेहनतीने साधणारी कला आहे. हात वर आणि ‘बॅक’ म्हणजे आणखी पुढे, हात आडवा म्हणजे त्या बाजूला. आधी कोरड्या मैदानावर, मग उथळ पाण्यात, मग खोल पाण्यात. वाऱ्याच्या विरुद्ध, थंडीत, साठ मीटरवर कुत्रं शिट्टीला वळून बघतं तेव्हा मालकाचा ऊर भरून येतो, आणि येऊ द्यावा. फक्त ही कला साधली की ती वापरायचा मोहही होतो. शिट्टी गळ्यातच असते.

पाण्यावरच्या वासाबद्दल आपल्याला जवळजवळ काही कळत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. पक्ष्याच्या पिसांतलं तेल, रक्ताचा थेंब, यांचा वास पाण्याच्या पृष्ठभागालगत वाऱ्याबरोबर सरकत जातो. म्हणून कुत्र्याला पक्ष्याच्या वरच्या अंगाला सोडून उपयोग नाही. वारा ज्या दिशेला वाहतोय त्या खालच्या अंगाने आत घालायचं, मग ती नाक पाण्यापासून वीतभर वर धरून नागमोडी जाते आणि एका जागी अशी वळते, की जणू कोणी दोरी ओढली. जखमी बदक यातही फसवतं. ते बुडी मारतं, पाण्याखालून वीस-पंचवीस मीटर जातं आणि लव्हाळ्याच्या मुळाशी केवळ चोचीचं टोक वर काढून राहतं. माणूस तीन हातांवरून जाईल आणि दिसणार नाही. कुत्र्यालाही पाण्याखालचं दिसत नाही, पण ती थांबते, मान तिरकी करते, बुडबुड्यांवर जाते. जखमी पक्षी उघड्या पाण्यावर दिसत असेल तर कुत्रं सोडण्याआधीच बारीक छर्ऱ्याने त्याला संपवावं. मात्र कुत्रं मालकाच्या मागे असताना, आणि समोर कोणी नाही याची खात्री करून, कारण पाण्यावरून छर्रे उसळतात. हे वाचायला क्रूर वाटतं. तासभर लव्हाळ्यात चोच वर काढून राहणं अधिक क्रूर आहे.

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला दर वर्षी एक तिकीट काढावं लागतं, पोस्टाच्या तिकिटासारखंच दिसणारं. १९३४मध्ये ते एका डॉलरचं होतं, आता पंचवीसचं. त्या पैशातून पाणथळी विकत घेतल्या जातात. दर वर्षी चित्र वेगळं, जवळजवळ नेहमी बदकाचं किंवा हंसाचं. १९५९चं मात्र निराळं: मेनार्ड रीस या चित्रकाराने काढलेलं काळ्या लॅबचं डोकं, तोंडात मॅलार्ड बदकाचा नर. तो कुत्रा खराखुरा होता, किंग बक नावाचा, १९५२ आणि १९५३ अशी सलग दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला. चित्रापेक्षा त्यावरची तीन शब्दांची ओळ अधिक बोलकी आहे. रिट्रीव्हर्स सेव्ह गेम. कुत्रे शिकार वाचवतात. शिकारीच्या परवान्यावर ‘वाचवतात’ हा शब्द पहिल्यांदा वाचताना खटकतो. पण त्याचा रोख हरवलेल्या पक्ष्यांकडे आहे. कुत्रं नसेल तर पडलेल्या बदकांतली बरीच सापडत नाहीत. न सापडलेलं मोजलं जात नाही, आणि शिकारी आणखी एक मारतो. कायदा एवढंच सांगतो की पाडलेला पक्षी शोधायचा वाजवी प्रयत्न करा. न सापडलेला पक्षी आपल्या दिवसाच्या सात बदकांच्या कोट्यात धरायचा की नाही, हे त्या त्या माणसावर. त्या रविवारी काळीच्या मालकाने तो धरला. मला तेच बरोबर वाटतं.

या सगळ्याला एक आपली किनारही आहे. तलवार बदक ही एकच जात, अलास्का-कॅनडातून सॅक्रामेंटो खोऱ्यात येते आणि सायबेरियाकडून उजनीच्या पाण्यावर, नांदूर मध्यमेश्वरला. तोच चॉकलेटी डोक्याचा नर, मानेवर चढत गेलेली तीच पांढरी रेघ, शेपटीचं तेच अणकुचीदार पीस. थापट्याही दोन्हीकडे, फावड्यासारखी चोच पाण्यात फिरवत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली, त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने ती पुरती थांबली, आणि कोणी तिच्यासाठी हळहळावं असं मला मुळीच वाटत नाही. पण भिगवणला होडीतून थापट्यांचे फोटो काढताना त्या पाण्यासाठी आपण वर्षाला काय भरतो, असा एक अडचणीचा प्रश्न मनात येतो. तिकडे खोऱ्यातल्या मूळच्या पाणथळींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशा झाल्या. उरल्या त्या राखीव, आणि त्यांच्या जोडीला भाताची खाचरं. १९९१च्या एका कायद्याने भाताचं पिंजर जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंधनं आली, शेतकरी ते कुजवायला हिवाळ्यात शेतात पाणी भरू लागले आणि त्या पाण्यावर बदकं उतरू लागली. बदकांचा विचार त्यात मुळात फारसा नव्हता.

साडेनऊला आभाळ रिकामं झालं. उन्हं आली, वारा उत्तरेकडून स्थिर वाहू लागला, बदकं मोठ्या पाण्यात, शिकार बंद असलेल्या भागात जाऊन बसली. ती ओळ त्यांना नेमकी कळते, चौकीवरचा नकाशा वाचल्यासारखी. खात्यात दोन छोटी बदकं, एक विजन जातीचं बदक, आणि ते एक न सापडलेलं. मालकाने आधी बंदूक रिकामी केली, मग नकली बदकं गोळा केली, दोऱ्या एकेका बदकाच्या पोटाभोवती गुंडाळल्या. न गुंडाळता पोत्यात टाकल्या तर पुढच्या पहाटे अंधारात चोवीस दोऱ्यांचा एकच गुंता निघतो. कुत्रीचे डोळे स्वच्छ पाण्याने धुतले, कारण लव्हाळ्यातलं बारीक बी पापणीखाली बसतं आणि संध्याकाळपर्यंत डोळा सुजतो. बोटांच्या बेचक्यांत, कानात बघितलं. शेपटीच्या मुळाशी हात फिरवला. गार पाण्यात फार पोहल्यावर कधीकधी शेपूट लुळी पडते, मोडल्यासारखी लोंबते. चार दिवसांत बरी होते, पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शेपूट ठीक होती.

मग त्याने शिट्टी जॅकेटच्या आत टाकली आणि चेन वर ओढली. तिला घेऊन मोठा वळसा घालून तो लव्हाळ्याच्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला, दक्षिणेकडे गेला. सकाळच्या जागेवरून बघितलं तर उजवीकडे. तिथे उभा राहून नुसतं तिचं नाव घेतलं. ‘बॅक’ नाही, हात नाही.

ती आत शिरली. लव्हाळ्याचे शेंडे हलत होते, तेवढ्यावरून ती कुठे आहे ते कळत होतं. शेंडे डावीकडे गेले, थांबले, परत आले. चिखलात पाय निघण्याचा चपचप आवाज, नाकातून पाणी फुर्रकन झटकल्याचा आवाज. पाच मिनिटं, सहा मिनिटं. मध्ये एकदा सगळं स्तब्ध झालं. मालकाचा हात गळ्याकडे गेला आणि चेनवर थांबला. मग शेंडे सरळ रेषेत बाहेर येऊ लागले.

तिच्या तोंडात बदक होतं. तपकिरी, मान खाली लोंबणारी असेल असं वाटावं, पण मान लोंबत नव्हती. ती ताठ होती. जवळ आल्यावर चोच दिसली. थापट्याची मादी, पाय आखडलेले, डोळे आत गेलेले. शनिवारचा पक्षी. काल कोणीतरी पाडला होता आणि शोधला नव्हता, किंवा शोधून सापडला नव्हता. पिसांवर काळीच्या दाताची एक खूण नव्हती.

सकाळी पोटभर पाण्यात थांबून तिने उजवीकडे पाहिलं ते या वासासाठी, की घसरत गेलेल्या नरासाठी, हे आता कोण सांगणार? मालकाने उलट्या बाजूने पुन्हा एकदा तिला आत घातलं, अर्धा तास दिला. तलवार बदक सापडलं नाही.

शेवटी तो बांधावर टेकला आणि ती त्याच्या डाव्या पायाशी बसली, पाण्याकडे तोंड करून. जॅकेटच्या कडेने थेंब गळत होते. ती कुठेतरी एका जागी टक लावून बघत होती. त्याने तिच्या नजरेची रेघ पुढे वाढवून पाहिली. उन्हाची तिरीप पाण्यावर पडली होती आणि त्या बाजूला काहीच दिसत नव्हतं.